१९४३ ची फोर्ड जीप घरच्या शेडमध्ये: काय मूळ ठेवायचं, काय बदलायचं?

पाना_१७

गेल्या महिन्यात डिस्पोजलची, म्हणजे सैन्याने विकायला काढलेली, एक जीप घरी आणली. विकणारा "विलीज आहे, बेचाळीस-त्रेचाळीसची" असं सांगत होता आणि मीही तेच धरून चाललो होतो. शेडमध्ये उभी केल्यावर रेडिएटरच्या खाली वाकून पाहिलं. विलीजच्या चेसिसला पुढे आडवी गोल नळी असते. माझ्या गाडीला तिथे उलट्या यू आकाराचा दाबीव पत्र्याचा पाट आहे, म्हणजे चेसिस फोर्डची. मग चेसिसच्या डाव्या दांड्याची वरची बाजू तारेच्या ब्रशने घासत गेलो आणि 'जीपीडब्ल्यू' ही अक्षरं व पुढचे आकडे हळूहळू उमटले. त्या संध्याकाळी दुसरं काहीच काम केलं नाही, नुसता त्या आकड्यांकडे बघत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने १९४० मध्ये करून दिला. मोठं कंत्राट विलीजला मिळालं, पण सैन्याला लागतील तितक्या गाड्या एकट्या विलीजकडून होईनात, म्हणून फोर्डला त्याच आराखड्यावर गाड्या बनवायला सांगितलं. जीपीडब्ल्यूमधला जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे आज बहुतेक गाड्या मिश्र आहेत.

माझ्या गाडीची अवस्था अशी: इंजिन मूळ प्रकारचंच, चार सिलिंडरचं साईड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये), २१९९ सीसी, पण जाम. गिअरबॉक्स टी-८४, तीन गिअरचा. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी, स्पायसर १८. ब्रेकचं पेडल थेट फळीला टेकतं. वायरिंग कुणीतरी घरगुती वायरींनी जोडलंय. ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी सडलीय. पत्रा वरून बरा दिसतो, खालून हात लावला की खपल्या पडतात.

माझा विचार आधी इंजिन सुरू करायचा आहे. गाडी बोलायला लागली की पुढच्या कामाला हुरूप येतो. त्यानंतर ६ व्होल्टचं १२ करायचं का, डिस्क ब्रेक बसवायचे का, हे ठरवेन. गाडी मला चालवायची आहे, नुसती प्रदर्शनात उभी करायची नाही. तुमची मतं हवी आहेत.

निवृत्त_फिटर

अभिनंदन. गाडी चांगली हाताला लागलीय.

पण क्रम उलटा करा. चालणारं इंजिन आणि न लागणारे ब्रेक अशी गाडी शेडमध्ये असली, की एक दिवस माणूस "फाटकापर्यंत फिरवून आणतो" म्हणतोच. मी स्वतः ते केलंय. गाडी भिंतीला लागली, माणूस मध्ये नव्हता म्हणून निभावलं. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन.

ब्रेकबद्दल सविस्तर लिहितो, कारण बरेच जण इथेच घाई करतात. या जीपला चारही चाकांना ९ इंची ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडलने ऑईल ढकलणारा) एकच, एकाच सर्किटचा. एका चाकाजवळचा रबरी पाईप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून जुना एकही पाईप ठेवू नका. लोखंडी पाईप बाहेरून छान दिसतो आणि क्लिपखाली गंजून कागदासारखा झालेला असतो. चाकांमधले ब्रेक दाबणारे चारही व्हील सिलिंडर उघडा. आत खड्डे असतील तर नुसतं किट टाकून भागत नाही, स्लीव्ह घाला किंवा नवीन घ्या.

ब्रेक ऑईल कोणतं, हे आत्ताच ठरवा. गाडी वर्षातले बरेच महिने उभी राहणार असेल तर सिलिकॉनचं डॉट ५ चांगलं, ते पाणी ओढत नाही आणि रंग खात नाही. पण ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळायचं नाही. रबर सगळं नवीन हवं आणि पाईप कोरडे हवेत. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉन नाही, ग्लायकॉलचंच आहे. या नावामुळे फसलेले मी पाहिलेत.

आता हँडब्रेक. तो चाकांना नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरन्शिअलमुळे हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. जमिनीवरचं चाक एका दिशेने फिरतं, हवेतलं उलट फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, चेसिसला घोड्या लावायच्याच.

दोन गोष्टी चाकांच्या. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. स्टडवर 'एल' दिसतो का ते आधी पुसून पाहा. मी शिकाऊ असताना एका पोराने पान्यात पाईप घालून जोर लावला आणि तीन स्टड मोडले. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गाडीला मूळ कॉम्बॅट रिम असतील तर त्या दोन अर्ध्या भागांच्या, नटांनी आवळलेल्या असतात. ते नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून टायरमधली हवा पूर्ण सोडा. हवा असताना ते नट सोडले तर रिम बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

मूळ_रंग

कृपया बॉडीला लगेच ग्राइंडर लावू नका. बॉनेटवर जुन्या रंगांचे थर असतील तर त्यांच्या खाली गाडीचा सैन्यातला नंबर सापडण्याची शक्यता आहे. बारीक पॉलिश पेपर, पाणी आणि खूप सबुरी. सुरुवातीच्या काळात हे आकडे निळसर रंगात लिहीत, नंतर पांढऱ्यात. निळसर आकडे हिरव्यावर इतके पुसट असतात की उन्हात तिरकं बघितल्याशिवाय दिसत नाहीत. नंबरच्या शेवटी 'एस' असेल तर गाडीत रेडिओला त्रास होऊ नये म्हणून विजेचा आवाज दाबण्याची व्यवस्था होती असं समजा. पाण्याने घासण्याचं आणखी एक कारण म्हणजे जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासून ती धूळ छातीत घेऊ नका.

बोल्ट फेकू नका. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवर, कंसांवर, अगदी लहान लहान भागांवर 'एफ' अक्षर उमटवलंय. एकेक काढून तारेच्या ब्रशने साफ करा, डब्यात ठेवा, डब्यावर जागा लिहा. माझ्या गाडीचे निम्मे 'एफ' बोल्ट आधीच्या मालकाने भंगारात घातले होते. ते पुन्हा जमवायला मला सहा वर्षं लागली आणि अजून जमतायत.

बॉडी आणि चेसिस वेगवेगळ्या निघाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. लष्करी वर्कशॉपमध्ये गाड्या पूर्ण उघडून पुन्हा जोडत, तेव्हा हाताला येईल तो भाग बसायचा. शिवाय १९४४ पासून दोन्ही कंपन्यांना एकाच ठिकाणची सामायिक बॉडी येत होती.

चढणघाट

माझं मत वेगळं आहे. मी माझ्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलंय आणि समाधानी आहे. ६० अश्वशक्तीत काय होणार? हायवेवर मागचे ट्रक हॉर्न मारत राहतात. मूळ इंजिनवर वेळ घालवण्यापेक्षा नवीन टाका, डिस्क ब्रेक टाका, पॉवर स्टिअरिंग टाका. गाडी रोज वापरता आली तरच ती जिवंत राहते.

निवृत्त_फिटर

चढणघाट, रोज वापरावी हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण इंजिन बदललं की गोष्ट तिथे थांबत नाही. नवीन इंजिनासाठी चेसिसवर माउंटिंग वेल्ड करावे लागतात, फायरवॉल (इंजिन आणि ड्रायव्हरमधला पत्रा) कापावी लागते, क्लचची जोडणी बदलते. मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०५ फूट-पाउंड. टी-८४ ची दातं तेवढ्याच हिशोबाने केलेली आहेत. दुप्पट टॉर्क दिला की आधी गिअरबॉक्स बोलतो, मग मागचा एक्सल. मग तेही बदला. शेवटी जीपचं उरतं काय, तर पुढची जाळी.

मी एकच कसोटी लावतो: केलेला बदल उद्या पाने घेऊन उलटा करता येतो का? येत असेल तर खुशाल करा. त्यासाठी चेसिस किंवा बॉडी कापावी लागत असेल तर नको. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर वेगळ्या ब्रॅकेटवर बसतो, तो बसवा. नंतरच्या जीपचे ११ इंची ड्रम बसवता येतात, मूळ ९ इंची पेटीत जपून ठेवा. हायवेचा वेग हवा असेल तर स्पायसर १८ च्या मागच्या पीटीओच्या (इतर यंत्रांना ताकद देण्याच्या जोडणीच्या) तोंडावर ओव्हरड्राईव्ह, म्हणजे जास्तीचा वेगवान गिअर, बसतो, कुठेही न कापता. तो इंजिनाचे फेरे सुमारे २५ टक्क्यांनी कमी करतो. एक्सलचं गुणोत्तर ४.८८ असल्याने या गाडीचं इंजिन वेगात ओरडतं, आणि दुखणं ते आहे. ताकद कमी आहे हे दुखणं नाही.

चढणघाट

ओव्हरड्राईव्हचं माहीत नव्हतं. माझी फायरवॉल कापून झालीय, त्यामुळे माझा प्रश्न मिटला. पण धागाकर्त्यांनी ही कसोटी लक्षात ठेवावी, हे मीही म्हणेन.

तांब्याची_तार

६ व्होल्टबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी देते, कारण माझं निम्मं आयुष्य वायरिंगमध्ये गेलंय.

६ व्होल्ट वाईट नाही, त्याच्यावर झालेलं काम वाईट असतं. ४५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर ओढतो, ६ व्होल्टवर साडेसात. करंट दुप्पट, म्हणून तार जाड हवी. नंतर कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावतं, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रडत रडत फिरतो आणि लोक म्हणतात "६ व्होल्टमध्ये दम नाही". जाड केबल घाला, दोन्ही टोकं घासून आवळा, सेल्फचे बुश बदला आणि मग बघा.

दुसरं म्हणजे अर्थिंग. मूळ_रंग यांनी 'एस'चा उल्लेख केला. त्या व्यवस्थेत इंजिन, बॉनेट, फेंडर, चेसिस हे सगळं विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी आणि दातेरी वॉशरांनी एकमेकांना जोडलेलं असतं. हेतू रेडिओचा, पण त्यामुळे गाडीला उत्तम अर्थ मिळतो. रंगकाम करताना लोक या पट्ट्या निरुपयोगी समजून काढून टाकतात, वर सगळ्या भागांना सांध्यापर्यंत रंग मारतात. रंगातून वीज जात नाही. मग दिवे मंद, गेज वेडेवाकडे आणि दोष ६ व्होल्टला. प्रत्येक अर्थच्या जागी धातू उघडा ठेवा, जोडल्यावर ग्रीस लावा.

१२ करायचंच असेल तर बल्ब, कॉइल, हॉर्न, चार्जिंग आणि गेजचा विचार करावा लागेल. मूळ सेल्फ १२ वर थोडा वेळ चालतो, पण बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगवर जोरात आदळतो. मी असते तर ६ वरच ठेवली असती. कापडी वेष्टणासारखं दिसणारं नवीन वायरिंग करून घ्या, दिसतं जुनं आणि आत आजचं इन्सुलेशन असतं. आणि फ्यूज घाला. मुख्य तारेवर एक फ्यूज बॅटरीजवळ लपवता येतो.

पाना_१७

चार महिन्यांनी परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम बदलला.

ब्रेक पूर्ण नवीन केले. मागच्या उजव्या व्हील सिलिंडरमधून लाल चिखल निघाला, त्यात पिस्टन सापडेना. पाईप सगळे नवे, दोन सर्किटचा मास्टर, डॉट ५. ड्रम उघडताना धूळ हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे फडकीही पिशवीत बांधून टाकली.

पत्र्याचं काम मात्र माझ्या अंदाजाच्या तिप्पट निघालं. तळाच्या फळीखाली मजबुतीसाठी टोपीच्या आकाराच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या आत चक्क लाकूड भरलेलं असतं. ऐंशी वर्षं ते लाकूड पाणी पीत होतं. वरून फळी शाबूत आणि आत पट्टीच नाही, अशी स्थिती. टाकी ज्या खोलगट भागात बसते तिथेही तेच: पाणी जाण्याची भोकं चिखलाने बुजलेली आणि खाली गंज. दोन्ही पट्ट्या नव्या घातल्या. लाकूडही घातलं, पण आधी चारही बाजूंनी रंगाचे थर देऊन.

जुनी टाकी मी वेल्ड करणार होतो. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी माझा हात धरला. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत वाफ असते. नवी टाकी घेतली.

आणि मूळ_रंग, बॉनेटवर आकडे सापडले. पुसट निळे, शेवटचे दोन वाचता येत नाहीत. त्या भागाला अजून हात लावलेला नाही. फोटो काढून ठेवलेत, वेगवेगळ्या उन्हात.

आता इंजिन. जाम आहेच. प्लगच्या भोकातून ऑईल ओतून ठेवलंय तीन आठवडे, हलत नाही. सेल्फने झटका देऊ का?

निवृत्त_फिटर

अजिबात नको. हे साईड व्हॉल्व्ह इंजिन आहे. प्लग पिस्टनच्या डोक्यावर नसून व्हॉल्व्हच्या बाजूला आहे, त्यामुळे तुम्ही ओतलेलं ऑईल नक्की कुठे गेलं हे सांगता येत नाही. हेड काढा. या इंजिनाचं हेड म्हणजे ओतीव लोखंडाचं झाकण, त्यात व्हॉल्व्हही नाहीत आणि रॉकरही नाहीत. मात्र स्टड गंजलेले असतील तर घाई नको. गरम करा, भेदक तेल घाला, थोडं पुढे थोडं मागे. पहार घालून हेड उचकटू नका, पृष्ठभाग खराब होतो.

हेड निघालं की चारही सिलिंडर डोळ्यांनी दिसतील. कोणता अडकलाय ते कळेल. अनेकदा पिस्टन मोकळा असतो आणि एखादा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो. लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने.

पाना_१७

तुमचं बरोबर निघालं. तीन सिलिंडर स्वच्छ. चौथ्यात व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यातून दमट हवा गेली आणि रिंगा भिंतीला चिकटल्या. दोन दिवस ऑईल आणि ठोकळा, तिसऱ्या दिवशी "टक्" असा आवाज आला आणि फ्लायव्हील चार बोटं फिरलं. चौथ्याच्या भिंतीत गंजाचा खड्डा आहे, म्हणून बोअर करून चारही पिस्टन वरच्या मापाचे घातले. पाण्याच्या वाटांमधून बादलीभर गाळ काढला. एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, त्यामुळे हे इंजिन पाण्यात भरपूर उष्णता टाकतं, आणि गाळ असेल तर ते तापणारच.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड असताना १४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३०. फायरिंगचा क्रम १-३-४-२. हे आकडे टीएम ९-८०३ या सैन्याच्या मॅन्युअलमधले. ज्यांच्याकडे ही जीप आहे त्यांनी ते जवळ ठेवावंच. १९४४ साली वीस वर्षांच्या पोराला समजावं म्हणून लिहिलंय, मलाही समजलं.

फ्यूल पंपाचा पडदा नवीन घातला, आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणारा. जुना पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमधल्या ऑईलमध्ये उतरतं, म्हणून सुरू करण्याआधी दर वेळी डिपस्टिकचा वास घेतो.

काल संध्याकाळी सुरू झाली. ६ व्होल्टवर, जाड केबलवर, दुसऱ्या झटक्याला. तांब्याची_तार, तुमची खूप आठवण झाली.

तांब्याची_तार

वाचून डोळ्यांत पाणी आलं. अर्थच्या पट्ट्या लावल्यात ना?

पाना_१७

सगळ्या, एकही न सोडता.

मूळ_रंग

बॉनेटवरच्या आकड्यांवर नवीन रंग मारू नका. तेवढा चौकोन तसाच ठेवून कडेने मॅट ऑलिव्ह ड्रॅब मारा, किंवा हे बॉनेट जपून दुसरं रोजच्या वापराला लावा. मी दुसरा मार्ग घेतला असता.

पाना_१७

दुसरं बॉनेट शोधतोय. तोवर हेच, न रंगवता.

आज पहिल्यांदा रस्त्यावर काढली, बारा किलोमीटर. ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात. स्टिअरिंग थोडं भटकतं, पुढच्या एक्सलवर मधोमध असलेल्या बेलक्रँकचे (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणाऱ्या तरफेचे) बुश अजून बदललेले नाहीत. आणि एक नवी अडचण आहे: उताराला अॅक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर सुटून न्यूट्रलला येतो. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ऑईल आहे. ऑईलची पातळी आठवड्यात कमी झाली आणि ट्रान्सफर केसची तेवढीच वाढली.

निवृत्त_फिटर

पातळीचं कारण दोघांमधलं सील. ऑईल एकातून दुसऱ्यात जातंय, बाहेर गळत नाही म्हणून लक्षात येत नाही. तोवर दोन्ही झाकणं दर आठवड्याला उघडून बघा. जीएल-४ ठेवलंत हे उत्तम, साध्या जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या रिंगांच्या) पितळेला त्रास देऊ शकतात.

दुसरा गिअर सुटणं हा टी-८४ चा जुना आजार आहे. आधी सोपं तपासा: वरच्या झाकणातल्या शिफ्टिंग रेल्सचे (गिअर सरकवणाऱ्या दांड्यांचे) स्प्रिंग आणि गोळ्या. स्प्रिंग दमले की खाचेत पकड राहत नाही. तिथे सगळं ठीक असेल तर मग मेनशाफ्टचं पुढे-मागे सरकणारं ढिलेपण आणि दातांची झीज, आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागेल. उतरवाल तेव्हा ट्रान्सफर केसचा मधला शाफ्टही बघा. या मॉडेलला तो पाऊण इंचाचाच आहे, त्यामुळे लवकर झिजतो.

आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून चालवू नका. मध्ये डिफरन्शिअल नाही, वळताना सगळा ताण याच दातांवर येतो.

पाना_१७

पुढचा एक्सल आजवर फक्त चिखलात जोडलाय. रविवारी झाकण उघडतो. स्प्रिंगची लांबी मोजून इथे टाकतो, तुमच्याकडे चांगल्या स्प्रिंगचं माप असेल तर सांगा, म्हणजे ताडून बघता येईल.

निवृत्त_फिटर

शेडमध्ये एक उघडलेला टी-८४ आहे. शनिवारी मोजून लिहितो.